महाऊर्जाची चार दशके आणि गोंदियाच्या धानगिरण्या

महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, या संस्थेची नोंदणी १९८५ साली संस्था नोंदणी कायदा, १८६० खाली झाली आणि जुलै १९८६ पासून तिचे प्रत्यक्ष काम सुरू झाले. अपारंपरिक ऊर्जेचा प्रसार आणि ऊर्जेची बचत ही दोन कामे राज्य शासनाने तिच्याकडे सोपवली. पवनचक्क्या, सौर बंब, जैवभाराचे प्रकल्प यांमुळे पहिले काम लोकांच्या नजरेत भरले. दुसरे काम कारखान्यांच्या भिंतींआड, मोटारी, बॉयलर आणि वीजबिले यांच्याशी चालत राहिले, म्हणून त्याची नोंद कमी झाली. उद्योगांना ऊर्जाबचतीसाठी तांत्रिक मदत आणि भांडवल मिळवून देण्याच्या या दुसऱ्या कामाचा हा दशकवार आढावा आहे. त्यासाठी गोंदिया जिल्ह्यातील धानगिरण्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवले आहे. मोठ्या कारखान्याकडे स्वतःचे अभियंते असतात आणि बँकाही त्याला ओळखतात. पूर्व विदर्भातली हंगामी, विखुरलेली, एका कुटुंबाच्या मालकीची गिरणी मात्र बाहेरच्या मदतीवर अवलंबून असते. ऊर्जाबचतीची योजना खरोखर उपयोगी आहे की नाही, हे अशाच गिरणीत कळते.

पार्श्वभूमी : १९८५ पूर्वी

१९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनी ऊर्जेची उधळपट्टी परवडणार नाही हे देशाला शिकवले. उत्पादकतेच्या अभ्यासासाठी १९५८ साली स्थापन झालेली राष्ट्रीय उत्पादकता परिषद कारखान्यांतील इंधनवापराकडे लक्ष देऊ लागली. १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजे पीसीआरए, कामाला लागली. तिच्या तंत्रज्ञांनी भट्ट्या आणि बॉयलर तपासून तेल वाचवण्याचे मार्ग दाखवले. केंद्र सरकारने नेमलेल्या आंतरमंत्रालयीन कार्यगटाने १९८३ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार उद्योगांत सुमारे २५ टक्के, वाहतुकीत २० टक्के आणि शेतीत ३० टक्के ऊर्जा वाचवता येण्यासारखी होती. या अंदाजामुळे बचतीकडे ऊर्जेचा एक स्रोत म्हणून पाहिले जाऊ लागले.

त्या काळी गोंदिया हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आणि मुंबई-हावडा मार्गावरील मोठे जंक्शन होते. वैनगंगा, वाघ, चुलबंद आणि गाढवी या नद्यांच्या खोऱ्यांत आणि मालगुजारी तलावांच्या पाण्यावर पिकणारे धान या बाजारपेठेत येई आणि तांदूळ होऊन रेल्वेने बाहेर जाई. बिडी आणि तांदूळ हे तिथले दोन प्रमुख धंदे होते. धान भरडण्याच्या व्यवसायावर १९५८ च्या तांदूळ गिरणी उद्योग नियमन कायद्याचे परवाना-नियंत्रण होते आणि जुन्या हलर यंत्रांच्या जागी सुधारित यंत्रे यावीत असा त्यामागचा एक हेतू होता.

हलरमध्ये साल काढणे आणि पॉलिश करणे एकाच घर्षणात होते. त्यामुळे दाणा तुटतो, कणी वाढते आणि भुसा व कोंडा एकत्र बाहेर पडतात. रबर रोलच्या शेलरमध्ये साल आधी वेगळी निघते आणि पॉलिशिंग पुढच्या टप्प्यावर होते. अखंड दाण्याचे प्रमाण वाढते, कोंड्याला तेलगिरणीचे गिऱ्हाईक मिळते आणि स्वच्छ भुसा इंधन म्हणून हाती येतो. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा भुसा असतो आणि त्याचे उष्मांकमूल्य किलोमागे ३,००० किलोकॅलरीच्या वर असते. म्हणजे यंत्र बदलले की गिरणीचे इंधनही गिरणीतच तयार होते. ऊर्जाबचतीचा हा पहिला धडा गोंदियाच्या पट्ट्यात यंत्रसुधारणेच्या रूपाने आला. त्या वेळी त्याला कोणी ऊर्जाबचत म्हणत नसे.

१९८५ ते १९९५ : उभारणी

महाऊर्जाचे मुख्यालय पुण्यात झाले. तेव्हा अपारंपरिक ऊर्जा हे क्षेत्रच नवे होते. केंद्रातला स्वतंत्र विभाग १९८२ मध्ये स्थापन झाला होता आणि या क्षेत्राला कर्ज देणारी इरेडा ही संस्था १९८७ मध्ये आली. तयार मनुष्यबळ नव्हते, मोजमापाची साधने मोजकी होती आणि राज्याचा विस्तार मोठा होता. सुरुवातीची वर्षे प्रात्यक्षिके आणि प्रबोधन यांत गेली. सौर उपकरणे, गॅसिफायर, सुधारित चुली गावोगावी नेऊन दाखवताना जे अभियंते आणि क्षेत्र कर्मचारी तयार झाले, त्यांच्यावरच पुढे उद्योगांतील कामाची भिस्त राहिली.

उद्योगांच्या बाबतीत या दशकाची अडचण वेगळी होती. वीज पुरवणारे एकच महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ होते आणि वीज मिळणे हीच उद्योजकाची पहिली चिंता असे. वीजबिल ठरलेला खर्च म्हणून भरले जाई, त्यात कपात होऊ शकते हा विचार रुजलेला नव्हता. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १९८९ मध्ये ऊर्जा व्यवस्थापन केंद्र स्थापन केले. १९९१ पासून १४ डिसेंबर हा दिवस ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जाऊ लागला आणि उद्योगांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले. महाऊर्जाने हा दिवस राज्यात पोचवला. कारखान्यांत, महाविद्यालयांत, उद्योजक संघटनांच्या सभांत व्याख्याने होऊ लागली.

याच काळात २ एप्रिल १९९० रोजी भारतीय लघुउद्योग विकास बँक, म्हणजे सिडबी, स्थापन झाली. लहान कारखान्याला यंत्रखरेदीसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज मिळण्याची ती मोठी सोय होती. मात्र ऊर्जाबचत हे कर्जाचे स्वतंत्र कारण मानले जायला आणखी काही वर्षे जावी लागली. बँकेच्या दृष्टीने नवे यंत्र म्हणजे वाढीव उत्पादन आणि वाढीव विक्री. उत्पादन तेवढेच ठेवून खर्च कमी करणाऱ्या यंत्राचा परतावा कसा मोजायचा, याची पद्धत शाखांकडे नव्हती. तांत्रिक संस्था आणि वित्तसंस्था यांच्यात भाषांतर करणारा कोणीतरी हवा होता, आणि महाऊर्जाच्या पुढच्या वाटचालीचा मोठा भाग या कामाने व्यापला.

१९९५ ते २००५ : कायद्याचे बळ

या दशकात चौकट झपाट्याने बदलली. १९९७ मध्ये तांदूळ गिरणी उद्योग नियमन कायदा रद्द झाला. परवान्याची अट गेल्याने नव्या गिरण्यांना आणि नव्या यंत्रांना वाट मोकळी झाली. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक-अर्जुनी आणि अर्जुनी-मोरगाव या आठ तालुक्यांना स्वतःचे जिल्हा प्रशासन मिळाले. उद्योजकाला योजनांच्या कागदपत्रांसाठी भंडाऱ्याला खेटे घालण्याची गरज राहिली नाही. तांत्रिक सल्ल्यासाठी नागपूरचा आधार होताच. महाऊर्जाचे विभागीय कार्यालय आणि केंद्र सरकारची लघुउद्योग सेवा संस्था या शहरात होती.

१९९९ मध्येच महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग अस्तित्वात आला. दर उघड सुनावणीने ठरू लागले आणि पॉवर फॅक्टर, कमाल मागणी, दिवसाच्या वेळेनुसार दर यांसारख्या बाबी उद्योजकांच्या चर्चेत आल्या. मोठ्या मोटारी अर्ध्या भारावर चालवल्या की पॉवर फॅक्टर घसरतो आणि त्याचा दंड बिलात दिसतो, हे एकदा उमगले की कपॅसिटर बसवण्याचा खर्च अवघड वाटत नाही. दराच्या रचनेने ऊर्जाबचतीचा प्रचार व्याख्यानांपेक्षा अधिक परिणामकारक केला.

सर्वांत मोठा टप्पा म्हणजे ऊर्जा संवर्धन कायदा, २००१. तो १ मार्च २००२ पासून लागू झाला आणि त्याच दिवशी ऊर्जा व्यवस्थापन केंद्राची जागा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, घेतली. या कायद्याने जास्त ऊर्जा वापरणाऱ्या उद्योगांना नियुक्त ग्राहक ठरवून त्यांच्यावर ऊर्जा व्यवस्थापक नेमण्याची आणि परीक्षण करून घेण्याची जबाबदारी टाकली. प्रत्येक राज्यात अंमलबजावणीसाठी एक नियुक्त अभिकरण असावे आणि राज्य ऊर्जा संवर्धन निधी उभारावा अशी तरतूद झाली. महाराष्ट्रात ही जबाबदारी महाऊर्जाकडे आली. प्रबोधन करणाऱ्या संस्थेला आता वैधानिक अधिष्ठान मिळाले.

ऊर्जा व्यवस्थापक आणि परीक्षक यांच्यासाठी २००४ पासून राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा सुरू झाली. परीक्षण कोणी करायचे, त्याची पात्रता काय, अहवालात काय असावे, याला त्यामुळे शिस्त आली. महाऊर्जाने परीक्षण संस्थांची सूची तयार केली आणि ऊर्जा बचत कार्यक्रमातून परीक्षणाच्या खर्चात उद्योगांना आर्थिक साहाय्य देऊ केले. लहान उद्योजकासाठी ही पहिली पायरी महत्त्वाची होती, कारण बचत होईल की नाही हे कळण्याआधीच शुल्क भरायला तो सहसा तयार नसतो.

वित्ताच्या बाजूनेही पाया रचला जात होता. २००० साली केंद्र सरकार आणि सिडबी यांनी मिळून लघुउद्योगांसाठी कर्जहमी न्यास, म्हणजे सीजीटीएमएसई, स्थापन केला. तारणाअभावी अडणाऱ्या कर्जाला त्यामुळे हमी मिळाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या आणि २००५ मध्ये सुधारलेल्या कर्जसंलग्न भांडवली अनुदान योजनेत मान्य तंत्रज्ञानाच्या यंत्रांवर १५ टक्के, कमाल १५ लाख रुपये अनुदान होते.

२००५ ते २०१५ : परीक्षणापासून कर्जापर्यंत

जून २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या कंपन्या झाल्या. पाठोपाठची वर्षे भारनियमनाची होती. गिरणी बंद राहणे किंवा डिझेल जनित्रावर चालवणे असे दोनच पर्याय उरले, तेव्हा वाचवलेल्या युनिटची किंमत सर्वांना कळली. राज्याच्या २००८ च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात उसाच्या चिपाडावर आधारित सहवीजनिर्मितीचे १,००० मेगावॅट आणि जैवभाराचे ४०० मेगावॅट उद्दिष्ट ठेवले गेले. भुशासारख्या शेतीअवशेषाला ऊर्जास्रोत म्हणून अधिकृत स्थान मिळाले. भुशाला भाव आला, तशी तो बॉयलरमध्ये काटकसरीने जाळण्याची गरजही वाढली.

या दशकात परीक्षणाचे काम वाढले आणि त्याची मर्यादाही दिसली. परीक्षक येई, मोजमापे घेई, चांगला अहवाल देई. पण अहवालातल्या उपायांसाठी भांडवल मिळेना. दुसरीकडे बँकेकडे निधी असे, पण कशासाठी द्यायचा हे सांगणारा तांत्रिक कागद नसे. हे अंतर भरून काढण्यासाठी तीन निरनिराळ्या पद्धती पुढे आल्या.

पहिली पद्धत यादीची. जपान सरकारच्या जायका या संस्थेने नोव्हेंबर २००८ मध्ये सिडबीला लघुउद्योगांतील ऊर्जाबचतीसाठी ३० अब्ज येनचे कर्ज दिले. २०११ आणि २०१४ मध्ये तेवढ्याच रकमेचे पुढचे टप्पे झाले. ऊर्जाबचत करणाऱ्या यंत्रांची यादी आधीच ठरलेली होती. यादीतले यंत्र घेतले की सवलतीच्या कर्जाला पात्रता मिळे, प्रत्येक वेळी नव्याने हिशेब मांडावा लागत नसे. शाखा व्यवस्थापकाला हे सोपे गेले.

दुसरी पद्धत समूहाची. बीईईच्या लघुउद्योग कार्यक्रमात देशभरातील निवडक उद्योगसमूहांचा अभ्यास झाला. महाराष्ट्रातून सोलापूरचा वस्त्रोद्योग त्यात होता. तांदूळ गिरण्यांसाठी तत्कालीन आंध्र प्रदेशातील वारंगळ आणि ओडिशातील गंजाम हे समूह निवडले गेले. एका ठिकाणी अनेक गिरण्या मोजल्या की कोणता उपाय कोठे लागू पडतो याची पुस्तिका तयार होते, सविस्तर प्रकल्प अहवालांचे नमुने मिळतात आणि यंत्रपुरवठादारही ओळखीचे होतात. धान आणि यंत्रे सारखीच असल्याने हे ज्ञान गोंदियालाही लागू पडणारे होते. जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या मदतीने सिडबी आणि बीईईने २०१० पासून पाच समूहांत अर्थसाहाय्याचा प्रकल्प राबवला. त्यांत कोल्हापूरच्या फाउंड्री आणि पुण्याचा फोर्जिंग उद्योग हे दोन समूह महाराष्ट्रातले होते.

तिसरी पद्धत सुरुवातीपासून शेवटपर्यंत साथ देण्याची. सिडबीच्या फोर-ई योजनेत परीक्षण, प्रकल्प अहवाल, कर्ज आणि बचतीची पडताळणी ही साखळी एकत्र बांधली गेली. प्रकल्पखर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची त्यात सोय होती. राज्याच्या २०१३ च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेनेही लघु व मध्यम उद्योगांसाठी ऊर्जा परीक्षणाच्या खर्चावर ७५ टक्के, कमाल २ लाख रुपये आणि ऊर्जाबचतीच्या यंत्रसामग्रीवर ५० टक्के, कमाल ५ लाख रुपये अनुदान देऊ केले.

मोठ्या उद्योगांसाठी २०१२ मध्ये 'परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड', म्हणजे पॅट, योजनेचे पहिले चक्र सुरू झाले. आठ क्षेत्रांतील ४७८ नियुक्त ग्राहकांना लक्ष्ये दिली गेली आणि २०१५ पर्यंत ८६.७ लाख टन तेलतुल्य ऊर्जा वाचली, जी लक्ष्यापेक्षा जास्त होती. याच सुमारास गोंदिया जिल्ह्यात तिरोडा येथे ३,३०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प उभा राहिला. ६६० मेगावॅटचे पाच सुपरक्रिटिकल संच २०१२ ते २०१४ या काळात कार्यान्वित झाले. देशातल्या मोठ्या वीजप्रकल्पांपैकी एक आणि शेकडो लहान गिरण्या एकाच जिल्ह्यात आल्या. प्रकल्प कायद्याच्या कक्षेत येतो. गिरण्या मात्र नियुक्त ग्राहक ठरण्याच्या ऊर्जावापराच्या मर्यादेच्या खूप खाली राहतात, म्हणून त्यांना सक्तीऐवजी साहाय्याची वाट हवी, हे या जिल्ह्याच्या उदाहरणातून नेमके कळते.

२०१५ ते २०२५ : धोरण, हमी आणि व्याजसवलत

२०१५ च्या राज्य धोरणाने नवीकरणीय ऊर्जेसाठी १४,४०० मेगावॅटचे उद्दिष्ट ठरवले. दोन वर्षांनी ऊर्जाबचतीसाठी स्वतंत्र धोरण आले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन धोरणाने पाच वर्षांत १,००० मेगावॅट बचतीचे लक्ष्य ठेवले आणि अंमलबजावणी महाऊर्जाकडे दिली. बचत हा राज्याच्या ऊर्जानियोजनाचा भाग आहे हे त्यातून धोरणाच्या पातळीवर मान्य झाले.

वित्ताच्या क्षेत्रात या दशकाचा भर जोखीम वाटून घेण्यावर राहिला. ऊर्जा सेवा कंपनी, म्हणजे एस्को, स्वतःच्या खर्चाने यंत्र बसवते आणि बचतीतून आपले पैसे वसूल करते. कल्पना चांगली, पण अशा कंपनीकडे तारण देण्यासारखे फारसे नसते. म्हणून बीईईने आंशिक जोखीम हमी निधी उभारला. त्यात कर्जाच्या ५० टक्क्यांपर्यंत हमी आहे. २०१५ मध्ये जागतिक बँकेच्या सहकार्याने सिडबी आणि एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड (ईईएसएल) यांनी ४.३ कोटी डॉलरचा आंशिक जोखीम वाटप प्रकल्प सुरू केला. त्यात कर्जाच्या ७५ टक्क्यांपर्यंत जोखीम उचलली जाई. सीजीटीएमएसईच्या हमीची मर्यादाही वाढत गेली : २०२३ मध्ये ती ५ कोटी रुपये झाली आणि एप्रिल २०२५ पासून १० कोटी.

२०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना आली. तिच्यात ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये कर्जसंलग्न अनुदान मिळते. त्याच वर्षी एप्रिलपासून राज्यातील उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएच पद्धतीने होऊ लागले. त्यामुळे कमी पॉवर फॅक्टरचा भार थेट युनिटमध्ये दिसू लागला आणि कपॅसिटरच्या देखभालीला नवे महत्त्व आले. विदर्भातील उद्योगांना २०१६ पासून वीजदरात शासनाची सवलतही मिळू लागली. तिने गिरण्यांना मोठा आधार दिला. त्याचबरोबर युनिट स्वस्त झाले की वाचलेल्या युनिटची किंमत कमी होते आणि परतफेडीचा काळ लांबतो, हे प्रकल्प अहवालात धरावे लागते.

२०२२ च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्यात कार्बन क्रेडिट व्यापाराची तरतूद आली. जुलै २०२५ मध्ये बीईईने अदिती योजना सुरू केली. तिची एकूण तरतूद १,००० कोटी रुपयांची आहे. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना ऊर्जाबचतीच्या कर्जावर ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याजसवलत मिळते. प्रकल्पातून किमान १० टक्के बचत व्हावी अशी अट आहे. चौदा ऊर्जाप्रधान क्षेत्रांत अन्नप्रक्रियेचा समावेश आहे. परीक्षणाचे साहाय्य, कर्ज आणि अंमलबजावणीची मदत या योजनेत एकत्र आहेत. गेल्या चार दशकांत निरनिराळ्या संस्था स्वतंत्रपणे जे शिकल्या, ते इथे एका चौकटीत आलेले दिसते.

सध्याचे कार्य

आज महाऊर्जाच्या ऊर्जा संवर्धन विभागाकडे चार प्रकारची कामे आहेत : नियुक्त ग्राहकांकडून कायद्याचे पालन करून घेणे, परीक्षणासाठी साहाय्य देणे, प्रशिक्षण व प्रबोधन करणे आणि उत्तम कामगिरीसाठी राज्यस्तरीय ऊर्जा संवर्धन पुरस्कार देणे. पुण्यातील संस्थेची नवी इमारतही ऊर्जा संवर्धन इमारत संहितेला अनुसरून बांधलेली आहे.

धानगिरणीतील परीक्षणाचे काम साधारण एका ठरलेल्या क्रमाने होते. आधी गेल्या वर्षभराची वीजबिले आणि भरडाईच्या नोंदी समोर ठेवून एक क्विंटल धानामागे किती युनिट वीज आणि किती भुसा लागतो हे काढले जाते. गिरण्यांची तुलना करण्याची ही एकच विश्वासार्ह फूटपट्टी आहे. मग शेलर, पॉलिशर, एलिव्हेटर, पंखे यांच्या मोटारींवरील भार मोजला जातो. पुन्हा पुन्हा रिवाइंड केलेल्या मोटारी, सैल व्ही-बेल्ट, गळणारा कॉम्प्रेसर, रिकामे धावणारे एलिव्हेटर हे दोष बहुतेक ठिकाणी आढळतात आणि ते दुरुस्त करायला फारसे भांडवल लागत नाही. उसना, म्हणजे उकडलेल्या, तांदळाच्या गिरणीत बॉयलर हा मोठा घटक असतो. भट्टीत जास्त हवा गेली तर उष्णता धुराड्यातून निघून जाते. जड पाण्याने नळ्यांवर थर बसला की वाफ कमी बनते. उघड्या वाफवाहिन्यांवर लेपन नसेल आणि कंडेन्सेट परत वापरले जात नसेल, तर भुसा वाया जातो. अरवा तांदळाच्या गिरणीत उकडण्याची प्रक्रिया नसल्याने सारा भर विजेवर राहतो.

हंगामाचा प्रश्न मात्र आकड्यांनीच समजून घ्यावा लागतो. १५ किलोवॅटची, म्हणजे सुमारे २० अश्वशक्तीची, जुन्या आयई-१ श्रेणीची मोटार पूर्ण भारावर ८८.७ टक्के आणि नवी आयई-३ श्रेणीची ९२.१ टक्के कार्यक्षम असते. फरक तासाला सुमारे ०.६२ युनिटचा पडतो. वर्षाला ६,००० तास चालणाऱ्या फाउंड्रीत यातून साधारण ३,७०० युनिट वाचतात. १,५०० तास चालणाऱ्या गिरणीत ९३० युनिट. युनिटचा दर ८ रुपये धरला तर पहिल्या ठिकाणी वर्षाला जवळपास ३०,००० रुपये आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे ७,५०० रुपये हाती राहतात. यंत्र तेच, किंमत तीच, परतफेडीचा काळ मात्र चौपट. म्हणून कोल्हापूरसाठी आखलेली योजना जशीच्या तशी गोंदियात चालत नाही. गिरणीसाठी आधी बिनभांडवली उपाय, मग मोटार जळाल्यावर ती पुन्हा न गुंडाळता उच्च कार्यक्षमतेची नवी घेणे, आणि बॉयलर किंवा संपूर्ण यंत्रमाळ बदलायची वेळ आली की सवलतीचे कर्ज, असा क्रम हिताचा ठरतो.

कर्जाच्या हप्त्यांचाही संबंध हंगामाशी आहे. खरिपाचे धान दिवाळीनंतर येते, उन्हाळी धान मे महिन्यापासून. आधारभूत किमतीने खरेदी केलेल्या धानाच्या भरडाईची देयके शासकीय यंत्रणेकडून येतात आणि गिरणीची रोकड त्यांवर अवलंबून असते. समान मासिक हप्त्यांपेक्षा हंगामानुसार आखलेले हप्ते गिरणीला पेलतात. प्रकल्प अहवालात हे आधीच मांडलेले असले तर बँकेची शाखाही ते समजून घेते. परीक्षकाने मोजमापासोबत रोकडप्रवाहाचा तक्ता जोडणे, ही म्हणूनच लहान उद्योगासाठी तांत्रिक मदतीइतकीच मोलाची सेवा आहे.

उद्योजकाला आज मदतीची दारे पुढीलप्रमाणे उपलब्ध आहेत. परीक्षणासाठी महाऊर्जाच्या सूचीतील संस्था, राष्ट्रीय उत्पादकता परिषद आणि पीसीआरए. अनुदानाच्या अर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्र. कर्जासाठी स्थानिक बँका आणि सिडबी. तारणाऐवजी हमीसाठी सीजीटीएमएसई. व्याजसवलतीसाठी बीईईची योजना. शून्य दोष, शून्य परिणाम या निकषांच्या झेड प्रमाणपत्राच्या शुल्कावर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुउद्योगाला ६० टक्के आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के सवलत आहे. अनुदानाच्या बहुतेक योजनांत यंत्र घेण्याआधी अर्ज करावा लागतो, म्हणून परीक्षण, अर्ज, कर्जमंजुरी, खरेदी आणि पडताळणी हा क्रम चुकवू नये.

समारोप

महाऊर्जाच्या चार दशकांचे श्रेय कोणा एकाला देता येणार नाही. संस्था उभारणारे प्रशासक आणि अभियंते, विभागीय कार्यालयांतून आडगावी फिरलेले कर्मचारी, तपमापक आणि पॉवर अॅनालायझर घेऊन भट्टीसमोर उभे राहिलेले परीक्षक, नव्या प्रकारच्या कर्जावर विश्वास ठेवणारे बँक अधिकारी, आपली वीजबिले उघडपणे समोर ठेवणारे गिरणीचालक आणि मोजमापात हातभार लावणारे फिटर, बॉयलर अटेंडंट व हमाल यांचे हे सामूहिक काम आहे. वेळोवेळी मते वेगळी पडली, योजनांची नावे बदलली, पण काम थांबले नाही.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. भांडवलाविना परीक्षण कागदावर राहते आणि परीक्षणाविना भांडवल चुकीच्या यंत्रात जाते. ही दोन्ही एकाच वेळी उद्योजकापर्यंत पोचवणे हे संस्थेचे खरे कार्य ठरले. गोंदियाच्या धानगिरण्यांसाठी त्यापुढचे काम म्हणजे जिल्ह्यातील गिरण्यांना एक समूह मानून त्यांची सामायिक मोजमापे करणे, क्विंटलमागील वापराचे प्रमाण ठरवणे, हंगामी कर्जाची पद्धत बसवणे आणि दुरुस्ती करणाऱ्या स्थानिक कारागिरांना प्रशिक्षण देणे. या चार बाबींसाठी लागणारा कायदा, निधी, हमी आणि तज्ज्ञ मनुष्यबळ आज राज्यात उपलब्ध आहे.